सवंगड्यांची शाळा



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना एकेक कागद दिला आणि सांगितले, "तुमच्या पाच मित्रमैत्रिणींची नावे लिहा. प्रत्येक नावापुढे, त्याच्याकडून तुम्ही काय शिकलात ते एका ओळीत लिहा." दहा मिनिटांत कागद परत आले. कोणी लिहिले होते, 'सायकल शिकलो.' कोणी लिहिले, 'शिव्या शिकलो.' (प्रामाणिकपणाबद्दल त्याला आम्ही मनातल्या मनात पूर्ण गुण दिले.) एका मुलीने लिहिले, 'पडल्यावर लगेच रडायचं नाही.' सहावीतल्या एका मुलाचा कागद मात्र कोरा होता. वर नाव, तारीख आणि खाली काहीच नाही. आम्हाला वाटले, त्याला प्रश्न कळला नसावा. जवळ बोलावून विचारले तर म्हणाला, "कळलाय की टीचर. पण मला कोणी नाहीत."

मिस्सा संपल्यावर त्याच्या आईला गाठले. ती म्हणाली, "शाळा, मग ट्यूशन, मग घरी. बाहेर पाठवतच नाही आम्ही त्याला. उगं गल्लीत टवाळक्या करीत हिंडण्यापेक्षा बरंय की, टीचर."

ती माउली चुकीचे बोलली असे आम्ही म्हणणार नाही. रस्त्यावरून गाड्या सुसाट धावतात, कोणत्या मुलाच्या हातात कसला मोबाईल आहे याचा भरवसा नाही, आणि मूल बिघडले तर बोल आईलाच लागतो. तिची भीती खरी आहे. पण तो कोरा कागद काही आमच्या डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून आजचा धडा सवंगड्यांवर.

शुभवर्तमानात येशूच्या बालपणाविषयी फार थोडे लिहिले आहे. त्या थोडक्यातही सवंगडी आहेत, आपले तिकडे लक्ष जात नाही इतकेच. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो, ती हकीकत आपल्याला पाठ आहे. आपण दर वेळी मंदिरातल्या गुरुजनांकडे पाहतो. आज जरा वाटेकडे पाहू या. सण संपवून नासरेथची माणसे परत निघाली. मारिया आणि योसेफ एका दिवसाची मजल मारून गेले, तरी मुलगा बरोबर नाही हे त्यांच्या ध्यानात आले नाही! का? कारण तो तांड्यात कुठेतरी असेल, नात्यागोत्यातल्या आणि ओळखीच्या लोकांत असेल, असे त्यांनी धरले होते. मुलगा दिवसभर नजरेआड राहिला तरी आईच्या जिवाला घोर लागला नाही, याचा अर्थ असे नेहमीच घडत असणार. पंढरीच्या दिंडीत पोरे जशी पुढेमागे होतात, कोणाच्याही पंगतीला बसून जेवतात, तसेच ते असणार. आज आपल्या मुलाने पाच मिनिटे फोन उचलला नाही तर आपण काय करतो, हे प्रत्येकाने आठवावे.

दुसरा उतारा मत्तयच्या अकराव्या अध्यायातला आहे. बाजारात बसलेल्या मुलांचे उदाहरण येशू देतो. एक टोळी दुसरीकडे तक्रार करते, की आम्ही वाजंत्री वाजवली तरी तुम्ही नाचायला उठला नाहीत, मग मयताचे सोंग आणले तरी तुम्ही रडला नाहीत. म्हणजे मुले लग्न-लग्न खेळत होती आणि मयत-मयतही खेळत होती, आणि त्यावरून त्यांचे भांडण जुंपले होते. असे उदाहरण ज्याच्या सहज तोंडी येते, त्याने लहानपणी अशी भांडणे जवळून पाहिली असणार. आम्हाला तर वाटते, केलीही असणार.

आता आपल्या गल्लीत येऊ. आमच्या लहानपणी, म्हणजे टीव्ही आला होता पण घरोघर पोहोचला नव्हता त्या काळात, संध्याकाळी लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, डबा ऐसपैस असे खेळ रंगायचे. भिडू वाटून घ्यायला मोठे माणूस लागत नसे. ज्याच्यावर राज्य आले त्याने ते द्यायचे. रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी भिडू म्हणून घेत नसे, आणि ही शिक्षा घरच्या मारापेक्षा जड जायची.

त्यातला एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. कोणाच्या तरी पाठीला लहान भाऊ नाहीतर बहीण लागलेली असायची. आईने बजावलेले, "ह्यालाबी घे खेळायला." चार वर्षांचे पोर, त्याला धड पळता येईना. त्याला वगळावे तर त्याच्या ताईलाही घरी जावे लागणार. घ्यावे तर पहिल्याच डावात ते बाद होणार आणि भोकाड पसरणार. यावर मुलांनीच तोड काढली : ते पोर 'कच्चं लिंबू'. ते खेळात आहे, सगळ्यांबरोबर पळते, ओरडते, लपते. पण बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकवलेला नाही. मुलांनीच तो आपल्यापेक्षा लहान मुलांना शिकवला आणि अशा रीतीने तो गावोगाव पोहोचला. दुर्बळाला बाहेर न ठेवता, आणि खेळही न मोडता, आत कसे घ्यावे, यासाठी आम्ही मोठी माणसे बैठकांवर बैठका घेतो. आणखी एक गंमत पाहा. वर्ष-दोन वर्षांनी तेच पोर एके दिवशी हट्ट धरते, "मी आता कच्चं लिंबू नाही!" त्या दिवशी त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येते, आणि ते दमेपर्यंत धावत असूनही खूश असते.

तसेच चिमणीचे दात. लिमलेटची गोळी एक आणि खाणारे तिघे. कोणाचे उष्टे खायचे नाही असे घरी बजावलेले. मग गोळी सदऱ्याच्या टोकात गुंडाळायची आणि कापडावरून दाताने फोडायची. चिमणीच्या दाताने तोडले की उष्टे होत नाही! घरचा नियमही मोडला नाही आणि गोळीही तिघांना पुरली. सदरा चिकट व्हायचा, त्याबद्दलचा धपाटा वेगळा.

आणि कट्टी-बट्टी. बोट दाखवून कट्टी, बोट दाखवूनच बट्टी. सकाळी तोंड न पाहणारे दोघे संध्याकाळी एकाच सायकलवर दिसायचे. सिराखच्या बाविसाव्या अध्यायात मित्रांच्या भांडणाविषयी एक विचार आहे. मित्रावर तलवार उपसली गेली, तोंडून वाईट बोलले गेले, तरी आशा सोडू नये, कारण तिथून परत येता येते. मात्र त्याचे गुपित फोडले, पाठीमागून घाव घातला, तर मित्र दूर जातो, असे तो ग्रंथकार सांगतो. मुलांना हा फरक बरोबर कळतो. मारामारी केलेल्याशी बट्टी होते. चुगली केलेल्याशी व्हायला फार दिवस लागतात.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या नीतिबुद्धीवर १९३२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी काय पाहिले असेल? गोट्यांचा खेळ! मुलांच्या शेजारी बसून ते विचारत, नियम कोणी केला, तो बदलता येतो का, कोणी फसवले तर काय करायचे. त्यांना असे आढळले की लहान मूल मोठ्यांचा नियम धाकाने किंवा आदराने पाळते, पण न्याय म्हणजे काय, हे ते मुख्यतः बरोबरीच्या मुलांत खेळताना शिकते, कारण तिथे दोघांचा शब्द सारख्याच वजनाचा असतो. आई-बापांपुढे मूल नेहमीच लहान असते. बरोबरीच्या मुलापुढे ते पहिल्यांदा कोणाला तरी उत्तर द्यायला बांधील होते. हे आपण घरी कितीही प्रेमाने शिकवू म्हटले तरी शिकवता येत नाही, कारण आपण त्याच्या बरोबरीचे नाही.

आमच्यापैकी एका शिक्षकांची आठवण इथे सांगावीशी वाटते. गाव लातूर जिल्ह्यातले. शाळेतून येताना ते एका वर्गमित्राच्या घरी पाणी प्यायला थांबत. मित्राला तांब्या मिळायचा. ह्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जायचे. आपल्यातल्या पुष्कळ घरांतल्या वडीलधाऱ्यांना याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. नऊ वर्षांच्या पोरांना त्यातले काय कळणार? पण मित्राला काहीतरी कळले. एके दिवशी त्याने हातातला तांब्या खाली ठेवला, ह्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि आईपुढे स्वतःची ओंजळ केली. आई रागावली. दुसऱ्या दिवशी त्याने तेच केले. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी त्या बाईंनी दोघांसाठी मिळून एक तांब्या बाहेरच्या कोनाड्यात ठेवला. तो तांब्या घरात कधी गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण चौथीची परीक्षा होईपर्यंत दोघांनी त्याच एका तांब्याने पाणी प्यायले. पुढे मित्राचे कुटुंब गाव सोडून गेले. "त्याला मी त्यावर कधीच काही बोललो नाही," असे आमचे हे सर आजही म्हणतात.

ही शाळा भरते कुठे? ओट्यावर, पारावर, बोळात, माळवदावर. ती जागाच गेली तर काय होते, हे आपल्या लातूर जिल्ह्याने पाहिले आहे.

३० सप्टेंबर १९९३. रात्री गणपतीचे विसर्जन करून माणसे थकून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी गावे काही क्षणांत ढिगारा झाली. सरकारी हिशेबानेच जवळपास आठ हजार माणसे गेली. इकडे नांदेडला आम्हीही खडबडून उठलो होतो आणि पुढच्या दोन-तीन रात्री अंगणात काढल्या होत्या. पण आमची घरे जागेवर होती.

त्या भागातली जुनी घरे म्हणजे दोन-तीन फूट रुंदीच्या भिंती, मातीत बसवलेले दगड, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेले माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. माळवदाला माळवद लागून असले की पोरांना रस्त्यावर उतरायचीही गरज नसे, ती वरच्या वर चार घरे ओलांडून सवंगड्याकडे जायची. उन्हाळ्याच्या रात्री वरच झोपायची. भूकंपात मातीने दगड धरून ठेवले नाहीत. भिंती फुटल्या आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्यानेच घात केला. म्हणून वाचलेली माणसे पुढे कित्येक महिने दगडी भिंतीखाली झोपायला तयार नव्हती. ती पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिली, उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाजून निघाली.

मग पुनर्वसन झाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा कार्यक्रम आखला गेला आणि ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. कुटुंबाकडे जमीन किती, यावर घराचा आकार ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. घरे पक्की, रस्ते रुंद आणि सरळ, मधे मोकळी जागा. हे काम अतिशय मोठे होते आणि ते करणाऱ्यांचे उपकार विसरून चालणार नाही. पण नव्या गावांचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांनी एक गोष्ट नोंदली : जुना शेजार मोडला. भिंतीला भिंत लागून असलेली घरे लांब लांब गेली. नवे गाव जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरले. म्हातारी माणसे म्हणू लागली, घर मिळालं पण गाव गेलं. म्हाताऱ्यांना निदान हे बोलून दाखवता आले. ज्या मुलाचा सवंगडी ढिगाऱ्यातून वाचला, पण आता गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, त्या मुलाला कोणी काही विचारले असेल का, असा प्रश्न आमच्या मनात येतो. नकाशे काढताना पोरांचे खेळ कोण मोजतो? संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतले ३१ वे कलम विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानते, आणि भारताने ती संहिता १९९२ साली, म्हणजे भूकंपाच्या आदल्याच वर्षी, मान्य केली होती. पण त्या धामधुमीत ती कोणाला आठवणार!

त्याच काळातली आणखी एक हकीकत आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा धडा पुरा होणार नाही. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपाच्या पट्ट्यातली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे पुण्याजवळ वाघोलीला त्यांच्यासाठी शाळा आणि वसतिगृह उभे राहिले. मुथ्था स्वतः बीड जिल्ह्यातले आणि लहानपणी वसतिगृहात राहिलेले, त्यामुळे घरापासून लांब राहणाऱ्या मुलाचे मन त्यांना परके नव्हते. नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा यांनी 'आपलं घर' उभे केले. लातूरला एसओएसचे बालग्राम आहे, तिथे एक आई आणि तिच्या घरात काही मुले, अशी भावंडांसारखी मुले वाढतात.

या ठिकाणी मोठ्यांनी छप्पर दिले, जेवण दिले, शिक्षण दिले. पण रात्रीचा विचार करा. बाराशे मुले, बहुतेकांनी नुकतेच घर पडताना पाहिलेले. एक मूल दचकून उठते. मोठे माणूस आले तर समजूत घालू लागणार, आणि मूल अधिकच गप्प होणार. शेजारच्या अंथरुणावरचा मुलगाही त्याच पट्ट्यातला, त्याच्याही घरचे कोणी गेलेले. त्याला काही समजावून सांगावे लागत नाही. आम्ही वसतिगृहात राहिलेल्या अनेकांशी बोललो आहोत, आणि ते सांगतात की पहिल्या वर्षी आपल्याला तारले ते शेजारच्या खाटेने. मग वाघोलीच्या मुलांचे वेगळे कशाला असेल? ती मुले एकमेकांची गल्ली झाली, असे आम्ही समजतो.

सवंगडी नेहमी चांगलेच शिकवतात असे मात्र नाही. कोऱ्या कागदाच्या आईचे हे म्हणणे संत ऑगस्टीनलाही पटले असते. आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात तो सोळाव्या वर्षी केलेली एक चोरी सांगतो. रात्री टोळक्याने जाऊन शेजारच्या झाडाची नासपती पळवली, थोडी चाखली आणि उरलेली डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. मग का चोरली? तो म्हणतो की एकटा असतो तर केलेच नसते. मित्र होते म्हणून केले, नाही म्हणायची लाज वाटली म्हणून केले. पालकांनो, आपली भीती हीच आहे ना?

पण त्याच ग्रंथाच्या चौथ्या भागात दुसरी हकीकत आहे. ऑगस्टीनच्या गावी, टागास्ते येथे (आजच्या अल्जीरियात), त्याच्याच वयाचा एक मुलगा होता. दोघे बरोबर वाढले, बरोबर शाळेत गेले, बरोबर खेळले. मोठेपणी ऑगस्टीन शिक्षक होऊन गावी परतला तेव्हा मैत्री अधिकच घट्ट झाली. ऑगस्टीन तेव्हा भलत्याच पंथाच्या नादी लागला होता आणि त्याने मित्रालाही तिकडे ओढले. मित्राला ताप भरला. तो बेशुद्ध असताना घरच्यांनी त्याचा बाप्तिस्मा करवला. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीनने त्याची थट्टा केली, त्याला वाटले तोही हसेल. मित्राने त्याच्याकडे वैऱ्याकडे पाहावे तसे पाहिले आणि मैत्री ठेवायची असेल तर असे बोलू नकोस, अशी समज दिली. काही दिवसांनी ताप उलटला. मित्र गेला तेव्हा ऑगस्टीन जवळ नव्हता. पुढे त्याला ते गाव सोसेना. शाळा, रस्ते, घर, सगळीकडे तो मित्राला शोधी. शेवटी गाव सोडून तो कार्थेजला गेला.

आम्हाला या हकीकतीत एक गोष्ट विलक्षण वाटते. ऑगस्टीनसारख्या बुद्धिमान आणि बोलण्यात कोणाला हार न जाणाऱ्या तरुणाला तोंडावर 'गप्प बस' कोण म्हणू शकले? लहानपणी त्याच्याबरोबर खेळलेला एक आजारी मुलगा. त्याचे नावसुद्धा ग्रंथात दिलेले नाही. नासपती चोरणारे टोळके आणि हा मित्र, दोघेही सवंगडीच. फरक असा की टोळक्यात कोणीच कोणाला नाही म्हणाले नाही.

आपल्या धर्मग्रामातले पालक आम्हाला नेहमी विचारतात, "आपल्या माणसांची मुले जवळपास नाहीत. मग आमच्या मुलांनी कोणाशी मैत्री करायची?" प्रश्न बरोबर आहे. १९७७ साली स्थापन झालेल्या आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या या टोकाला, नांदेड-लातूरकडे, ख्रिस्ती घरे विरळ आहेत. एका कॉलनीत एखादेच. पण नांदेडचे मूल कसे वाढते ते पाहा. घरी मराठी, गल्लीत दखनी, देगलूर-बिलोलीच्या पाहुण्यांकडून तेलुगू, गुरुद्वाऱ्याच्या आसपास पंजाबी. इथली दखनी शीख मुले आपल्यासारखीच अस्सल मराठी बोलतात. दसऱ्याला हल्लाबोल पाहायला सगळी मिळून जातात, ईदचा शीरखुर्मा आणि नाताळच्या करंज्या एकाच डब्यातून फिरतात. या मुलांत आपले मूल खेळले तर त्याचा विश्वास पातळ होईल अशी भीती काहींना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. वर्गात येऊन "सर, आपण शुक्रवारी मटण का खात नाही?" असे नेमके विचारणारी मुले तीच असतात, ज्यांना गल्लीत कोणीतरी ते विचारलेले असते!

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुलांना घेऊन निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. अर्धे वर्ष बाकावरची जागा रिकामी. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तिथे मूल गावात राहू शकते. आपल्या ओळखीत असे कुटुंब असेल तर ही माहिती त्यांना जरूर द्या. शिक्षण बुडते हे सर्वांना दिसते, सवंगडी बुडतात ते कोणी मोजत नाही.

आणि दहावीनंतर 'लातूर पॅटर्न'. गावागावांतून मुले लातूरला येतात, खोली घेऊन राहतात, सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास आणि चाचण्या. या पद्धतीने कष्टकऱ्यांची कितीतरी मुले डॉक्टर, इंजिनिअर झाली, तिची निंदा आम्ही करणार नाही. पण खोलीत दोघे राहतात आणि एकाच परीक्षेला बसतात. चाचणीच्या आदल्या रात्री नोट्स गादीखाली सरकवल्या जातात, हे आम्ही मुलांच्याच तोंडून ऐकले आहे. ज्याने लहानपणी गोळी चिमणीच्या दाताने तोडली आहे, त्याला त्या वेळी निदान थोडे अवघडल्यासारखे होते. ज्याने कधीच तोडली नाही त्याचे काय, हे आम्हाला सांगता येत नाही.

पुढच्या रविवारसाठी गृहपाठ आहे, आणि तो या वेळी पालकांना. आपल्या स्वतःच्या बालपणीच्या पाच सवंगड्यांची नावे लिहून आणा. प्रत्येकापुढे, काय शिकलात ते एका ओळीत. जो आज कुठे आहे ते ठाऊक नाही, त्याचेही नाव लिहा. मुलांना घरी वाचून दाखवा, शिव्या शिकलेल्याचेही.

त्या सहावीतल्या मुलाच्या आईशी आम्ही पुन्हा बोललो. शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा चर्चच्या आवारात मुलांना खेळू द्यायचे ठरले. आम्ही दोघे-तिघे फाटकाजवळ बसतो आणि भांडणात पडत नाही. (हे फार अवघड आहे. आमच्यातल्या एकीला दर वेळी हाताला धरून खाली बसवावे लागते.) पहिल्या शनिवारी तो मुलगा भिंतीला टेकून तासभर उभा राहिला. आईने "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असा चेहरा केला. दुसऱ्या शनिवारी सातवीतली एक मुलगी त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "खेळायचंय का? आधी कच्चं लिंबू राहा." सहावीतला मुलगा आणि कच्चं लिंबू! आम्हाला वाटले, आता हा रागावून घरी जाणार. तो आत गेला. तीन शनिवार कच्चं लिंबू राहिला.

मागच्या शनिवारी डबा ऐसपैसमध्ये तो बाद झाला. मुले नेहमीप्रमाणे त्याला सोडून पुढे पळाली, तर हा तिथेच उभा राहून ओरडला, "ए, माझ्यावर राज्य!" साडेसहा वाजून गेले, आई फाटकाशी येऊन उभी राहिली, तरी ते राज्य काही उतरले नव्हते.